आखाड्यावरची टर्की

करारावरचं ब्रॉयलर शेड कसं चालतं हे आता मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पिल्लं, खाद्य आणि औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि रात्रीची जागरणं आपली. चाळीसेक दिवसांनी गाडी येते, पक्षी उचलते आणि किलोमागे ठरलेला ग्रोइंग चार्ज खात्यावर पडतो. बॅच चांगली गेली तर ठीक. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला आणि मरतूक वाढली की तो चार्जही कापून येतो. ज्याच्याकडे मोठं शेड बांधायला भांडवल आहे, त्याने हा धंदा जरूर करावा. पण औंढा नागनाथच्या आसपास असे पुष्कळ शेतकरी आहेत ज्यांच्याकडे भांडवल नाही. आखाडा आहे, आखाड्यावर दोन-चार लिंबं-बाभळी आहेत, शेजारी एखादा एकर बरड माळ पडून आहे आणि दिवसभर तिथे राबणारं घरचं माणूस आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यांनी टर्कीचा विचार करावा, आणि तोही जुन्या वाणाच्या टर्कीचा.

टर्की आपल्याकडे नवी नाही. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून दुर्मीळ प्राणी-पक्षी जहांगीर बादशहाकडे नेले. त्यात टर्कीचा नर होता आणि उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे हा अमेरिकेचा पक्षी चारशे वर्षांपूर्वीच गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला होता. गावोगावी मात्र तो कधी पसरला नाही. त्याची कारणं समजून घेतली तर पाळताना निम्म्या चुका टळतील.

आधी वाणाचं बोलू. जगात विकली जाणारी बहुतेक टर्की आज रुंद छातीच्या पांढऱ्या जातीची आहे. छातीवर मांस इतकं वाढवलेलं की नराला मादीशी नैसर्गिक संग करता येत नाही, आणि पुढची पिढी कृत्रिम रेतनानेच काढावी लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे संकरित कपाशीच्या बियाण्यासारखं आहे : दरवर्षी पुडी विकत आणा. जुने वाण याच्या उलट. ब्राँझ, नॅरागान्सेट, बर्बन रेड, स्लेट, काळी आणि आकाराने लहान बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट ही त्यातली ठळक नावं. अमेरिकेतली लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी ही संस्था जुन्या वाणाला तीन कसोट्या लावते. पक्षी आपला आपण संग करून वंश वाढवणारा हवा. मादी पाच ते सात वर्षं आणि नर तीन ते पाच वर्षं वंशवाढीच्या कामाचा राहायला हवा. आणि वाढ सावकाश हवी, विक्रीच्या वजनाला यायला साधारण अठ्ठावीस आठवडे लागले पाहिजेत. तिसरी कसोटी धंद्याच्या दृष्टीने दोष वाटते, पण सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याचे पाय आणि काळीज मजबूत राहतात, म्हणूनच तो माळावर चरू शकतो.

आपल्याकडे मिळणाऱ्या टर्कीची वंशावळ सहसा कुणी लिहून ठेवलेली नसते. ब्राँझ, काळ्या आणि राखाडी रंगांची सरमिसळ दिसते. म्हणून रंगावर जाऊ नका, पक्षी चालताना बघा. नर डुलत पण सहज चालतो का, दोन-अडीच फूट उंच दांडीवर उडी मारून बसतो का, हे पाहा. विकणाऱ्याला विचारा की गेल्या हंगामात कृत्रिम रेतनाशिवाय किती अंडी फळली. त्याने पिल्लं दाखवली तर बोलणी पुढे न्या. आणि पहिल्या वर्षी एक दिवसाची पिल्लं आणू नका. दोन महिन्यांच्या पुढची तलंगं किंवा थेट वयात आलेले पक्षी घ्या. एक नर आणि चार माद्या एवढ्यावर पहिलं वर्ष काढा.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त घरच्या टर्क्या मरतात, तिच्याकडे येतो. टर्की आणि कोंबड्या एका अंगणात पाळायच्या नाहीत. आपल्या गावात प्रत्येक खुराड्यात गावरान कोंबड्या असतात, त्यामुळे नियम म्हणून सांगितलं तरी लोक दोन्ही एकत्र पाळतातच. कोंबडीच्या पोटात हेटेराकिस नावाचे बारीक जंत असतात. त्या जंतांच्या अंड्यात हिस्टोमोनास हा सूक्ष्मजीव लपून राहतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही. विष्ठेतून ती अंडी मातीत पडतात, गांडुळाच्या पोटात जातात आणि वर्षानुवर्षं जिवंत राहतात. तिथे टर्की चरली की तिला ब्लॅकहेड होतो. पक्षी पंख सोडून, मान आखडून कोपऱ्यात उभा राहतो, गंधकासारखी पिवळी विष्ठा टाकतो आणि काही दिवसांत जातो. मेलेला पक्षी उघडून बघितला तर काळजावर गोल गोल, मध्ये खोलगट असे रुपयाएवढे डाग दिसतात. हे डाग एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. या रोगावर भरवशाचं औषध बाजारात मिळत नाही. त्यामुळे टर्कीसाठी अशी जागा निवडा जिथे गेल्या चार-पाच वर्षांत कोंबड्या फिरलेल्या नाहीत. गावातल्या घरी कोंबड्या असतील तर टर्की आखाड्यावर न्या, आणि दोन्हीकडची चप्पल, पाट्या, पाण्याची भांडी वेगळी ठेवा. टर्कीची अंडी खुडूक कोंबडीखाली उबवायची सवय लोकांना असते. कोंबडी अंडी उबवते खरी, पण पिल्लांना ती आपल्यामागे मातीत फिरवते आणि तिथेच घात होतो. टर्कीची मादी स्वतः चांगली बसते. दहा-बारा अंडी तिच्याखाली ठेवा, नाहीतर छोटं उबवणी यंत्र घ्या. दोन्हीत अठ्ठावीस दिवस लागतात. यंत्रात पंचविसाव्या दिवसानंतर अंडी फिरवणं बंद करायचं.

हंगाम कोणता धरायचा? टर्की मादी साधारण तिसाव्या आठवड्यानंतर अंड्यावर येते आणि दिवस मोठा होऊ लागला की घालू लागते. बहुतेक अंडी दुपारनंतर पडतात, म्हणून सकाळी एकदा आणि दिवस मावळायच्या आत दोनदा गोळा करा, नाहीतर मुंगूस गोळा करेल. जातीवंत फार्मवर साठ ते शंभर अंड्यांचा आकडा सांगतात. तुम्ही हिशोबात साठच धरा. आपल्या हवामानात फेब्रुवारीत उबवायला ठेवलेली अंडी सगळ्यात फायद्याची. मार्चमध्ये पिल्लं निघतात, तेव्हा दिवसा हवाच इतकी गरम असते की ब्रूडरचा दिवा रात्रीपुरता लागतो, आणि लोडशेडिंगने पिल्लं गारठून मरायची भीती कमी होते. मृगाचा पाऊस पडेपर्यंत ती तीन महिन्यांची, पूर्ण पिसांची झालेली असतात. जून-जुलैत निघालेली पिल्लं एका सरीत भिजली की सकाळी पाट्यातून उचलून टाकावी लागतात. मार्चचे पक्षी श्रावण संपून नवरात्र उरकेपर्यंत वजनाला येतात, आणि तिथून नाताळापर्यंत विक्रीचा काळ मिळतो.

पहिले पंधरा दिवस माणूस पिल्लांजवळच लागतो. टर्कीचं पिल्लू नजरेने अधू आणि स्वभावाने घाबरट असतं. समोर खाद्य भरलेलं असतं आणि ते उपाशी मरतं. त्याला खाणं दाखवावं लागतं. अंड्यांचे कागदी ट्रे उताणे ठेवून त्यात खाद्य टाका आणि बोटाच्या नखाने ट्रेवर टकटक करा. त्या आवाजाने पिल्लं जमतात, एक चोच मारतं आणि बाकीची त्याचं बघून मारतात. खाद्यात आणि पाण्याच्या भांड्यात चार-दोन रंगीत गोट्या टाका, चकाकणाऱ्या वस्तूवर पिल्लू टोच मारायला येतं आणि तोंड खाद्यात किंवा पाण्यात पडतं. हिरव्या रंगाची त्यांना ओढ असते, म्हणून कोवळी मेथी किंवा लसूणघास अगदी बारीक चिरून वर भुरभुरा. दर दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं कुस्करून द्या. पाण्यात लिटरमागे शंभर मिली दूध घातलं तरी चालतं, मात्र ते पाणी उन्हाळ्यात दर दोन तासांनी बदला. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश तापमान हवं आणि पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी खाली आणायचं. थर्मामीटरपेक्षा पिल्लं काय करतात ते बघा. दिव्याखाली गठ्ठा करून बसली तर गारवा आहे, कडेला पळून चोच उघडून बसली तर उकाडा आहे. खाली लाकडाच्या भुशाची दोन इंच गादी द्या, पण पहिले तीन-चार दिवस तिच्यावर खरखरीत कागद किंवा गोणपाट अंथरा, नाहीतर पिल्लं भुसाच खातात.

खाद्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पैसा इथेच जातो आणि पक्षीही इथेच. टर्कीच्या पिल्लाला पहिल्या महिन्यात २८ टक्के प्रथिनं लागतात. ब्रॉयलरच्या प्रिस्टार्टरमध्ये ती बावीस-तेवीसच्या आसपास असतात. म्हणून लोक प्रिस्टार्टरच्या तीन भागांत तेल काढलेली सोयाबीन पेंड एक भाग मिसळतात. प्रथिनांचं गणित बसतं, पण पोत्यावरचं लेबल वाचल्याशिवाय हे करू नका. कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवण रोखायला सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिन घातलेलं असतं. कोंबडीला चालणारी ही औषधं टर्कीला विषारी आहेत, पक्षी पायातून जातो, बसतो तो उठत नाही. ती औषधं नसलेलं खाद्य मागून घ्या, आणि दुकानदाराला खात्रीने सांगता येत नसेल तर ते पोतं आणू नका.

घरचं सोयाबीन आहे म्हणून कच्चं भरडून घालायचा मोह आपल्या भागात होणारच. कच्च्या सोयाबीनमधल्या घटकांमुळे प्रथिनं पचत नाहीत, वाढ खुंटते. नीट भाजून घाला किंवा गिरणीची पेंड घ्या. सरकी पेंड तर पिल्लांना नकोच. आणि बुरशी! १९६० मध्ये इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्क्या मेल्या. रोग कळेना म्हणून त्याला नाव दिलं ‘टर्की एक्स’. शोध घेतला तेव्हा दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत, आणि त्या पेंडीवरच्या बुरशीत. अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं ते या टर्क्यांमुळे. आजही पाळीव पक्ष्यांत त्या विषाला टर्की फार लवकर बळी पडते. परतीच्या पावसात भिजलेला मका, काळी पडलेली ज्वारी, ढेकळं झालेली शेंगदाणा पेंड गुरांनाही द्यायची नसते, टर्कीला तर मुळीच नाही. धान्य वाळवा, दाताखाली कट्ट वाजलं पाहिजे, आणि पोती जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवा.

दोन महिन्यांच्या पुढे पक्षी माळावर सोडले की खाद्याची बचत सुरू होते. गवत, तण, किडे, नाकतोडे, अळ्या, सांडलेलं धान्य सगळं ती वेचते. एक एकर कुंपण घातलेल्या जागेवर दोनशे-अडीचशे मोठ्या टर्क्या चरू शकतात असं पुस्तकं सांगतात, ते सिंचन असलेल्या हिरव्या रानाचं गणित झालं. आपल्या बरड माळावर त्याच्या चौथाई धरा. धुऱ्यावर शेवरी, हादगा, शेवगा लावून ठेवा, पाला तोडून टांगला की उन्हाळ्यात हिरवं मिळतं. जिथे पाणी आहे तिथे छोट्या खड्ड्यात अझोला वाढवा. सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरात रान मोकळं असतं तेव्हा पक्षी तिकडे फिरवा, पडलेलं दाणं थोडंच खातील, पण त्याबरोबर अळ्या आणि कोष वेचतील. हरभरा उगवला की मात्र आत ठेवा, कोवळे शेंडे ती खुडून टाकते. आणि फवारलेल्या कपाशीत, तुरीत एकही पक्षी जाऊ देऊ नका. शेजाऱ्याच्या फवारणीची तारीख विचारून ठेवा. औषधाने मेलेल्या अळ्या खाऊन कळपच्या कळप गेल्याचं दुःख भरून निघत नाही.

कुंपण पाच ते सहा फूट जाळीचं हवं. जुन्या वाणाच्या माद्या उडतात, त्यांच्या एका पंखाची लांब पिसं छाटली की तोल जाऊन उडत नाहीत. दिवस मावळताना त्या झाडावर चढायला बघतात. ही सवय आपण वापरायची. पत्र्याच्या किंवा कुडाच्या निवाऱ्यात दोन-अडीच फुटांवर बाभळीच्या जाड दांड्या बसवा आणि संध्याकाळचं खाद्य तिथेच द्या, आठ दिवसांत कळप आपण होऊन आत येतो. रात्री दार बंद. कोल्हा, रानमांजर आणि मोकाट कुत्री यांना माळावरच्या आखाड्यावर यायला वेळ लागत नाही. एप्रिल-मेमध्ये खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, दुपारी फक्त पाणी आणि सावली. निवाऱ्याच्या पश्चिमेला ओलं गोणपाट लावलं तरी जीव वाचतो.

मानमोडी आणि देवी या दोन रोगांच्या लसी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेवर करून घ्या : मानमोडीची पहिल्याच आठवड्यात आणि पुन्हा दीड-दोन महिन्यांनी, देवीची महिन्या-सव्वा महिन्याची पिल्लं झाल्यावर. बर्ड फ्लूची आठवण आपल्या भागात ताजी आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. सिद्धेश्वर आणि येलदरीच्या पाण्यावर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात, म्हणून धरणाच्या काठच्या गावांनी पक्षी पाण्यापर्यंत चारायला नेऊ नयेत, आणि एकाएकी पक्षी मरू लागले तर ते विकून मोकळं न होता दवाखान्यात कळवावं. मेलेला पक्षी तपासून घ्यायला परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे. पक्षी बर्फात ठेवून त्याच दिवशी न्या. कुजलेल्या काळजातून काही कळत नाही.

आता पैशाचं. ब्रॉयलर एक किलो वजनाला पावणेदोन किलोच्या आत-बाहेर खाद्य खातो. जुन्या वाणाची टर्की चार किलोपर्यंत खाते. समजा मादी पाच किलोची झाली, तिने वीस किलो खाल्लं आणि घरी मिसळलेलं खाद्य किलोला पस्तीस रुपये पडलं, तर सातशे रुपये खाद्याचे. पिल्लू, लस, दिवा आणि मेलेल्यांचा वाटा मिळून दोनशे धरा. जिवंत वजनाच्या किलोला एकशेऐंशी रुपये खर्च आला, मजुरी वेगळी. चराईने खाद्याचा चौथा हिस्सा वाचला तर किलोला पस्तीस रुपये कमी होतील. हे आकडे नमुन्याचे आहेत, यात आपल्या बाजारचे दर घालून बघा. उत्तर काय येतं ते स्पष्ट आहे : ब्रॉयलरच्या भावात टर्की विकली तर तोटाच. तिला वेगळा भाव देणारं गिऱ्हाईक असेल तरच पाळायची.

ते गिऱ्हाईक पक्षी आणायच्या आधी शोधा. गोवा, वसई, वांद्रे इथे नाताळात टर्कीला मागणी असते हे खरं, पण औंढ्याहून तिथवर बर्फात माल नेण्याचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही, त्यावर गणित मांडू नका. नांदेड, परभणी, हिंगोलीची हॉटेलं आणि ढाबे स्वतः जाऊन गाठा, एक पक्षी शिजवायला देऊन मत विचारा. गावात मला सगळ्यात चालणारा मार्ग वाटतो तो वाट्यांचा. चार-सहा घरं मिळून बोकड कापतात आणि वाटे घालतात, तसेच टर्कीचे घालता येतात. सात किलोच्या नरातून पाच किलोच्या वर मांस निघतं, पाच-सहा घरांचं काम भागतं. मांस कोंबडीपेक्षा गडद आणि चरबीला कमी असतं, म्हणून घाईने शिजवलं तर चिवट लागतं. काळ्या मसाल्यात, मटणासारखं मंद आचेवर ठेवा असं घेणाऱ्या बाईला सांगायला विसरू नका. पहिला वाटा बिघडला तर दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. औंढा हे नागनाथाचं क्षेत्र आहे. कापणं, विकणं, पिसं-आतडी टाकणं हे सगळं गावाच्या वस्तीपासून आणि यात्रेच्या वाटेपासून लांब, आखाड्यावरच करा.

पिल्लं आमची, पक्षी परत आम्हीच घेऊ, दुप्पट पैसे देऊ, असं सांगणारा कुणी दारात आला तर त्याला परत पाठवा. इमूच्या वेळी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी हे सोसलं. २०१९ मध्ये इस्लामपूरहून चाललेल्या कडकनाथच्या योजनेत तर हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. दोन्ही वेळा पक्ष्यात खोट नव्हती. खाणारं गिऱ्हाईक कुठेच नव्हतं, पिल्लं विकत घेणारा पुढचा शेतकरी हेच गिऱ्हाईक होतं. टर्कीच्या बाबतीतही तुम्ही फक्त पिल्लं विकून पैसे कमवत असाल तर थांबून विचार करा.

पहिल्या वर्षाच्या शेवटी, नाताळाची विक्री झाल्यावर, पुढच्या फेब्रुवारीसाठी पक्षी राखायचे आहेत. विकताना सगळ्यात मोठे आधी जातात आणि बारके मागे राहतात, हे होऊ देऊ नका. ऑगस्टमध्येच पायात रंगीत कड्या घालून ठेवा : जी मादी वर्षभर आजारी पडली नाही, दांडीवर सहज चढली, चरायला सगळ्यांच्या पुढे राहिली, ती विकायची नाही. जिने स्वतः अंडी उबवून पिल्लं सांभाळली तिच्या मुली राखा. नर मात्र घरचा ठेवू नका. दुसऱ्या गावच्या पाळणाऱ्याशी बदलून घ्या, दर दोन वर्षांनी, आणि आणलेला नर महिनाभर कळपापासून वेगळा ठेवून मगच माद्यांत सोडा.